हुकूम कोठून सुटतो?

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव असून, शुक्रवारचा जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांमुळे त्याचा लौकिक तालुक्याच्या शिवेपलीकडे कधीच गेलेला आहे. लिलावाच्या दिवशी आवारात गोण्यांच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकत असतो. आडत्याचा माणूस गोणीचे तोंड उसवून चार कांदे बाहेर काढतो, कोणी त्यांची पत्ती बोटांनी चोळून पाहतो, कोणी मान सुकली आहे की नाही ते निरखतो, पुकारा चढत जातो, एखाद्या वक्कलाला मनाजोगा भाव लागतो, उरलेला माल मध्यम, गोल्टी, जोड अशा प्रतींत पडतो, आणि शेवटी हमाली-तोलाई वजा होऊन हिशोबपट्टीवर आकडा उमटतो. या व्यवहारात अन्याय होतच नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो काही होतो तो उघड्या आभाळाखाली, दहा माणसांच्या देखत होतो. भाव पाडला गेला असे वाटले तर शेतकरी तेथल्या तेथे लिलाव बंद पाडतात, सचिवाला बोलावतात, संचालकांना फोन लावतात, आणि बाजार समितीच्या निवडणुकीत त्याचा जाब मागतात.

त्याच आवारात त्याच वेळी आणखी एक व्यवहार चाललेला असतो, तो मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. लासलगावचा सकाळचा भाव, परप्रांतात निघालेल्या ट्रकचा ठावठिकाणा, बँकेत जमा झालेल्या रकमेचा निरोप, टपरीवरच्या चहाचे दहा रुपये, हे सारे एका जाळ्यातून ये-जा करीत असते. आणि ऐन गर्दीच्या दुपारी मोबाइलवर रेंज पुरी दिसत असतानाही पैसे मध्येच अडकतात, पाठविणाऱ्याच्या खात्यातून गेलेले दिसतात आणि घेणाऱ्याच्या खात्यात पोहोचत नाहीत. ते टॉवरने अडविले, रस्त्याच्या रुंदीकरणात तुटलेल्या तारेने अडविले, बँकेच्या संगणकाने अडविले, की दूर कोठे तरी लिहून ठेवलेल्या एखाद्या नियमाने मागे सारले, हे ना शेतकऱ्याला कळते, ना आडत्याला, ना रिचार्ज करून देणाऱ्या दुकानदाराला. लिलाव बंद पाडता येतो. येथे बंद पाडण्याजोगे काही समोर नसते, आणि जाब विचारावा असा माणूसही नसतो. येत्या काळात ग्रामीण महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला हा एक मोठा प्रश्न होणार आहे, आणि तो केवळ यंत्रज्ञांनी सोडवावयाचा प्रश्न नाही, असे माझे ठाम मत आहे.

निर्णय करणाऱ्या जागेविषयीची ही शंका टेलिफोनच्या बाल्यावस्थेइतकी जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्रोजर नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा एक व्यावसायिक होता. एक्स्चेंजमध्ये बसणारी ऑपरेटर बाई आपल्यासाठी आलेले फोन प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाकडे वळविते, असा त्याला संशय आला. ती त्या प्रतिस्पर्ध्याचीच पत्नी होती, असेही सांगतात. त्या संशयाने अस्वस्थ होऊन त्याने मनुष्याच्या हातचा निर्णय यंत्राच्या हाती सोपविणारा स्वयंचलित स्विच शोधून काढला आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. पक्षपात करणारे माणूस दूर केले की पक्षपातही दूर होईल, ही त्या शोधामागील श्रद्धा. आणि यंत्र जोवर लोखंडाचे व पितळेचे होते, त्याची चाके आणि दांडे उघड्या डोळ्यांना दिसत होते, तोवर ती श्रद्धा फारशी चुकीचीही नव्हती. परंतु १९६५ साली न्यू जर्सीतील सक्कासना या लहानशा गावी बेल कंपनीने जे एक्स्चेंज उभारले त्याच्या पोटात साठविलेली आज्ञावली होती, म्हणजे जोडणी करणारा निर्णय आता लिहिलेल्या मजकुरातून निघत होता, आणि यंत्राच्या एकाही चाकाला हात न लावता त्याची वागणूक बदलता येत होती. टेलिफोन आणि संगणक यांचा संगम येथे झाला.

आपल्याकडे तो संगम खेड्यात फार मनोज्ञ रीतीने अवतरला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेत सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १२८ जोडण्यांचे असे एक ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, की जे वातानुकूलित खोलीची अपेक्षा न ठेवता उन्हाळ्याच्या झळांत आणि धुळीत निमूटपणे काम करीत राही. त्यांतील पहिले १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले, आणि पुढे देशभर गावोगावी पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकाने उघडली त्यांना या एक्स्चेंजांचाच आधार होता. भारतीय खेड्यात संगणक प्रथम आला तो शाळेत नव्हे, तलाठ्याच्या चावडीतही नव्हे, तर टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या बंद खोलीत. त्याला संगणक म्हणून कोणी ओळखले नाही, इतकेच.

शहरांत हीच क्रिया दुसऱ्या टोकाकडून घडत होती. सरकारच्या एर्नेट प्रकल्पात जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखाली, भारतीय विद्यापीठांतील संगणक टेलिफोनच्या तारांवरून परस्परांशी आणि परदेशाशी जोडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य नागरिकाला खुले केले. तेव्हा संगणक टेलिफोनच्या तारेवर पाहुणा म्हणून येत असे. वीस-एकवीस वर्षांत घरातले नाते पुरते पालटले: २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात आवाजासाठी वेगळी वाट राखलेलीच नव्हती, बोलणे हेही इतर माहितीसारखेच तुकडे होऊन, पॅकेटांच्या रूपाने जात होते. जपानच्या एनईसी कंपनीचे प्रमुख कोजी कोबायाशी यांनी १९७७ साली संगणक आणि दळणवळण एक होणार असे जाहीरपणे सांगितले होते, ते अशा रीतीने अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गुराख्याच्या खिशात येऊन खरे ठरले.

या इतिहासाचे अखेरचे वळण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे आहे आणि त्याची वार्ता सामान्य वाचकापर्यंत जवळजवळ पोहोचलेलीच नाही. इंटरनेटच्या जाळ्यात जागोजागी राउटर नावाची यंत्रे असतात आणि प्रत्येक राउटरला दोन कामे करावी लागतात: आलेले पॅकेट योग्य दारातून पुढे सोडणे हे एक, आणि योग्य दार कोणते हे ठरविणे हे दुसरे. दीर्घकाळ ही दोन्ही कामे एकाच पेटीत, पेटी बनविणाऱ्या कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलीनुसार होत असत. २००८ साली ओपनफ्लो नावाच्या योजनेचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. निक मॅकिऑन हे त्याचे प्रथम लेखक, आणि सहलेखकांच्या नामावळीत हरी बालकृष्णन यांच्याबरोबर गुरु पारुळकर हे मराठी कानांना ओळखीचे वाटणारे आडनावही आहे. या योजनेचे सार असे, की पेटीने फक्त वहनाचे काम करावे, आणि निर्णयाचे काम पेटीतून बाहेर काढून एका स्वतंत्र आज्ञावलीकडे द्यावे, जी साऱ्या जाळ्याकडे एकाच वेळी पाहून सर्व पेट्यांना हुकूम सोडील. २०१४ साली पी-फोर नावाची भाषा आली आणि तिच्या योगे पेटीतल्या चिपने पॅकेटाचा कोणता भाग वाचावा व त्यावर काय करावे, हेही लिहून देता येऊ लागले. जाळे आता बांधले जात नाही, लिहिले जाते.

ज्याच्या शेतात मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी येते त्याला हा फरक समजावयास अडचण पडू नये. समजा, प्रत्येक चारीच्या दारावरचा पाटकरी वरच्या आणि खालच्या दारावरच्या पाटकऱ्यांशी बोलून आपल्यापुरता निर्णय घेत आहे, आणि अशा शेकडो लहान निर्णयांतून पाणी कसेबसे वाट काढीत आहे. ही जुनी पद्धत. आता समजा, कोणत्याही दारावर पाटकरी नाही, सर्व दारे दूरच्या एका कचेरीतून हलतात, आणि ती कचेरी धरणापासून टेलपर्यंतचे सारे चित्र समोर ठेवून क्षणाक्षणाला पाळीपत्रक बदलते आहे. ही नवी पद्धत. पाण्याची नासाडी दुसऱ्या पद्धतीत निःसंशय कमी होईल. परंतु टेलच्या शेतकऱ्याचे पाणी तुटले तर त्याने कोणाकडे जावे? कालव्याच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर आहे, कारण ते मिळविण्यासाठी या राज्यातील शेतकऱ्यांनी दीर्घकाळ भांडण केले आहे: कालवा सल्लागार समिती आहे, तिच्यात पाळीवरून वादंग होतात, आणि २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना आपल्या क्षेत्रात पाणीवाटप करण्याचा अधिकार दिलेला आहे. जाळ्याच्या पाळीपत्रकासाठी अशी समिती नाही, अशी संस्था नाही, आणि ते पत्रक कोठे लावलेलेही नसते.

या नव्या पद्धतीविरुद्ध माझी तक्रार नाही. उलट तिचे लाभ इतके उघड आहेत की ते नाकारणे दुराग्रहाचे होईल. गुगलने आपल्या केंद्रांना जोडणाऱ्या खाजगी जाळ्यात ही पद्धत राबवून २०१३ साली जे अनुभव प्रसिद्ध केले त्यांवरून असे दिसते, की ज्या दूरच्या तारा सामान्यतः तीस-चाळीस टक्केच भरलेल्या ठेवाव्या लागत, त्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरता आल्या. आपल्या देशाच्या दृष्टीने तर याहून मोठा लाभ असा, की निर्णयाची आज्ञावली पेटीपासून सुटी झाल्यामुळे ती लिहिण्याची मक्तेदारी चार परदेशी कंपन्यांकडे राहण्याचे कारण उरले नाही. पवईच्या आयआयटीत अश्विन गुमास्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरियर इथरनेट पद्धतीचे स्विच-राउटर येथेच रचले व त्यांचे तंत्र ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या हवाली केले. गुमास्ते यांना २०१८ चा भटनागर पुरस्कार मिळाला. भारत संचार निगमाच्या, सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राला समर्पित झालेल्या, फोर-जी जाळ्यातील गाभ्याची आज्ञावली सी-डॉटची, रेडिओची यंत्रे तेजस कंपनीची आणि जुळवाजुळव मुंबईच्या टीसीएसची आहे. कित्तूरच्या त्या छोट्या एक्स्चेंजपासून येथपर्यंतचा हा चाळीस वर्षांचा प्रवास अभिमान वाटावा असाच आहे.

पालघर जिल्ह्यात याच आयआयटीतील अभय करंदीकर यांच्या चमूने केलेले काम मला विशेष मोलाचे वाटते, कारण त्यात खेड्याचा विचार शेवटी नव्हे, आरंभी केलेला होता. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पंधरा वाहिन्यांना जागा असून, कोणत्याही एका ठिकाणी त्यांतील सरासरी बाराच्या आसपास जागा रिकाम्या पडून असतात, असे त्यांनी मोजून दाखविले. आणि या रिकाम्या लहरींवरून, ज्या डोंगर-झाडी ओलांडून दूरवर पोहोचतात, त्यांनी पालघरच्या गावांत इंटरनेट नेऊन पाहिले. पुढे या चमूने खेड्यांसाठी काटकसरीच्या जाळ्याचा जो आराखडा मांडला त्यात एका मध्यवर्ती आज्ञावलीने वेगवेगळ्या प्रकारच्या जोडण्या सांभाळावयाच्या अशी योजना आहे, आणि त्यावर आधारलेल्या मानकाला आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेने मान्यताही दिली. आज्ञावलीच्या हाती जाणारे जाळे खेड्याच्या कल्याणासाठी रचता येते, याचा हा पुरावा आहे. मात्र ते कोणाच्या कल्याणासाठी रचावयाचे हे आज्ञावली स्वतः ठरवीत नाही.

कायद्याची गती या बाबतीत खिन्न करणारी आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला, आणि राज्य बदलले, तार बंद झाली, तरी तोच कायदा आमच्या मोबाइलवर अंमल करीत राहिला. दूरसंचार, संगणन आणि प्रसारण यांना एका छत्राखाली आणणारे विधेयक २००१ साली लोकसभेत आले होते. त्याच सुमारास अंबाजोगाईचे प्रमोद महाजन यांच्याकडे दळणवळण आणि माहिती-तंत्रज्ञान ही दोन्ही खाती एकत्र आलेली होती, म्हणजे विचारासाठी याहून अनुकूल काळ मिळणे कठीण होते. त्या विधेयकात दोष पुष्कळ होते, परंतु त्याने विचारलेला प्रश्न योग्य होता. ते मंजूर न होताच लोकसभा विसर्जित झाली. पुढे २०१६ साली, नेमक्या ज्या वर्षी आवाज आणि माहिती एकाच वाटेने जाऊ लागली त्याच वर्षी, केंद्र सरकारने दळणवळण आणि इलेक्ट्रॉनिक्स ही खाती पुन्हा वेगळी केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदा अखेर निवृत्त केला. पण परवाने कोणी द्यावेत, तारा कोणाच्या जमिनीतून न्याव्यात, संभाषण केव्हा ऐकावे, सेवा केव्हा थांबवावी, या सरकारी अधिकारांची तरतूद त्यात जितकी तपशीलवार आहे, तितकी जाळ्यातील नियम लिहिणाऱ्याने नागरिकापाशी काय उघड करावे याची नाही.

याचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो ते पाहावयास नेवासेकरांना फक्त गोदावरी ओलांडावी लागेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या काही भागांत इंटरनेट बंद करण्यात आले होते. असा हुकूम योग्य की अयोग्य यावर मतभेद होतील. माझ्या मते तो बहुधा जितके दंगे टाळतो त्याहून अधिक पोटे मारतो. तरी पण तो हुकूम असतो. त्यावर गृहखात्याच्या अधिकाऱ्याची सही असते, त्याला मुदत असते, आणि अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयामुळे तो प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, म्हणजे त्याला न्यायालयात आव्हान देता येते. याच्या उलट, फाइव्ह-जीच्या जाळ्यात एकाच टॉवरच्या क्षमतेचे आज्ञावलीने अनेक पट्टे पाडता येतात, एक पट्टा कारखान्याच्या यंत्रांसाठी, एक खेळाच्या प्रक्षेपणासाठी, एक अधिक पैसे मोजणाऱ्या ग्राहकांसाठी. आणि उरलेला सर्वांसाठी. सर्वांसाठीचा तो पट्टा दुपारी बारा ते दोन थोडा अरुंद झाला, तर त्यासाठी कोणाची सही लागत नाही, कोणते राजपत्र निघत नाही, आणि ज्याचे पैसे मध्ये अडकले त्याला ही गोष्ट घडली हे सुद्धा समजत नाही. जाळ्यात भेदभाव करू नये असे दूरसंचार नियामकाने २०१६ साली दरांच्या बाबतीत आणि सरकारने २०१८ साली परवान्यांच्या अटींत म्हटलेले आहे, आणि त्याबद्दल त्या वेळी पत्रे लिहिणाऱ्या लक्षावधी तरुणांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच अटींत विशेष सेवांना आणि वाहतुकीच्या वाजवी नियमनाला अपवाद ठेवलेला आहे, आणि वाजवी काय हे ज्या यंत्रात ठरते तेथे डोकावण्याची सोय घोडेगावच्या आडत्याला नाही.

येथे अहिल्यानगर जिल्ह्याच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळणे मला आवश्यक वाटते. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली क्रांती साखर तयार करण्याची नव्हती; साखर पूर्वीही होत होती. उसाच्या वजनाचा, उताऱ्याचा आणि दराचा नियम जेथे लिहिला जातो त्या कचेरीत ऊस उत्पादकाला सभासद म्हणून खुर्ची मिळाली, ही ती क्रांती होती. जिल्ह्याबाहेर, वारणेच्या खोऱ्यातही असाच अनुभव आला: तेथे १९९८ साली संगणकाने जोडलेल्या गावांची योजना आली, सत्तर गावांत केंद्रे उघडली, आणि काही वर्षांनी असे दिसून आले, की शेतकरी तेथे जगाची माहिती धुंडाळण्यापेक्षा आपल्या उसाचे वजन आणि कारखान्याकडची बाकी पाहावयास येतात. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून तेच काम मोबाइलच्या साध्या संदेशावर आणून दाखविले. या प्रयोगाकडे पुष्कळांनी खर्चाच्या दृष्टीने पाहिले. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: संगणक गेला आणि मोबाइल आला, तरी हिशेबाची आज्ञावली सभासदांच्याच मालकीच्या कारखान्यात राहिली, आणि तिने चूक केली तर वार्षिक सभेत उभे राहून बोलण्याचा हक्क शाबूत होता.

सहकाराचे नाव घेताच मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेची हकिगत पुढे केली जाईल, आणि ती करावी. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या साहाय्याने १९६९ च्या सुमारास देशात ज्या मोजक्या वीज सहकारी संस्था प्रयोग म्हणून निघाल्या, त्यांपैकी श्रीरामपूरची ही संस्था एक. चार दशके तिने या परिसरातील खेड्यांत वीज वाटली, सभासदांच्या मर्जीसाठी वसुलीकडे दुर्लक्ष केले, थकबाकीच्या डोंगराखाली दबली, आणि २०११ साली परवान्याची मुदत संपताच तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. जाळे आपल्या मालकीचे झाले म्हणजे ते फुकट मिळावे, असे सभासदांना वाटू लागले की काय होते, याचा हा धडा आहे आणि तो आपल्याच अंगणातला आहे. पण त्याच वेळी, त्याच योजनेतून निघालेली बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था अजून वीज वाटते आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात २०११ साली शेतकऱ्यांनी आणि ग्रामस्थांनी स्वतः भाग घेऊन एक संस्था काढली, स्वतःच्या कुरणांतून तार नेण्याची परवानगी विनामूल्य दिली, चर खणावयास स्वतः उतरले, आणि मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या वाड्यांत शहरालाही हेवा वाटावा असे इंटरनेट नेले. कॅटलोनियातील गुइफी नावाचे लोकांचे जाळे २००४ पासून चालू आहे. संस्था बुडते ती सहकारी असल्यामुळे नव्हे, बिल वसूल न केल्यामुळे बुडते.

आजची संधी अशी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतनेटच्या सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार तेथून घरोघर नेण्याचे व तिची देखभाल करण्याचे काम उत्पन्नाच्या हिश्शावर स्थानिक उद्योजकांकडे द्यावे असे ठरविले. दुसरीकडे, २०२२ पासून गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांचे संगणकीकरण सरकारी खर्चाने चालू आहे. म्हणजे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एका कचेरीत तार आहे आणि दुसऱ्या कचेरीत संगणक, सभासदांची यादी, निवडून आलेले संचालक मंडळ आणि शासनाचा लेखापरीक्षक आहे. आणि या दोन कचेऱ्यांमधले काम एखाद्या ठेकेदाराकडे जाण्याच्या बेतात आहे. ते सोसायटीकडे गेले पाहिजे. गावापुरत्या जाळ्याचे नियंत्रण करणारी आज्ञावली आज सामान्य संगणकावर चालते, तिचे मुक्त नमुने उपलब्ध आहेत, आणि तालुक्याच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना ती शिकविण्यास सहा महिने पुरतील. ज्या मुलीला आज पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करावी लागते, तिला हे काम गावात मानाने करता येईल.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतातच. त्यांपैकी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घोडेगावसारख्या बाजाराच्या गावांनी हा विषय घ्यावा आणि ठरावात स्पष्ट लिहावे, की गावातील अखेरच्या टप्प्याच्या जाळ्याचे काम सेवा सोसायटीस मिळावे. जोडणीचे बिल प्रत्येक सभासदाने, मग तो संचालक का असेना, दरमहा भरावे, न भरल्यास जोडणी तुटेल. जाळ्यात कोणत्या वाहतुकीस कोणता अग्रक्रम दिलेला आहे आणि तो कोणी, कोणत्या तारखेपासून दिला, याचे मराठी पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. आणि लिलावाच्या दिवशी बाजाराच्या आवारातून होणाऱ्या सर्व बँकांच्या, सर्व कंपन्यांच्या देयकांना सारखाच पहिला मान देण्याचा नियम सोसायटी व बाजार समिती यांनी मिळून, शेतकऱ्यांच्या देखत, स्वतः लिहावा.